कामाचा कुत्रा, त्याची परीक्षा आणि मालकाचे बक्षीस

भिवंडीचे नाव घेतले की डोळ्यांसमोर यंत्रमाग आणि मोठमोठी गोदामे उभी राहतात. परंतु शहराची हद्द ओलांडून वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या रस्त्यास लागले म्हणजे भातखाचरे, गवताचे माळ आणि त्यापलीकडे तुंगारेश्वरच्या जंगलाची किनार दिसू लागते. ह्या भागातील पुष्कळ कुटुंबांची जोडकमाई दहापाच शेळ्यांवर चालते. जंगल जवळ असल्यामुळे बिबट्याची धास्ती कायमची आहे. रात्री गोठ्याजवळ काही खुडबुड झाली तर घरधन्याच्या आधी जागा होणारा एकच राखणदार असतो, आणि तो म्हणजे कुत्रा.

असे असूनही ह्या राखणदाराची नोंद कोणत्याही दप्तरात व्हावी तशी होत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ह्यांच्या कानात बारा अंकी बिल्ला बसतो. म्हशीचे दूध मोजले जाते, वळूची वंशावळ पाहिली जाते. पशुगणनेत कुत्रीही मोजली जातात, पण त्यांचे काम कोणी मोजीत नाही. काम मोजले नाही म्हणजे चांगल्या कुत्र्याची किंमत ठरत नाही, आणि किंमत ठरली नाही म्हणजे त्याच्या लसीवर व खाण्यावर चार पैसे खर्च करण्यास मालक धजत नाही. ह्यावर एक उपाय असा की, कामाच्या परीक्षेत उतरलेल्या कुत्र्यास दाखला द्यावा आणि त्या दाखल्याच्या आधारे मालकास रोख साहाय्य द्यावे. ह्या उपायाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाच्या उत्तरार्धात दिलेली रूपरेषा ही केवळ सूचना असून ती मंजूर झालेली योजना नव्हे, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

रूपाचे बक्षीस व कामाचे बक्षीस

कुत्र्याच्या मालकास बक्षीस देणे आपल्या राज्यास नवीन नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथे जिल्हा परिषदेमार्फत पशुप्रदर्शन होते व त्यात घोडे आणि कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरविण्यात येते. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो आणि धनगर समाजाचे ते आराध्य दैवत आहे. तेव्हा त्याच्या यात्रेत कुत्र्याचा मान व्हावा हे स्वाभाविकच आहे. मराठवाड्यातील कारवानी व पश्मी जातींची उंच, सडपातळ व वेगवान कुत्री अशा ठिकाणी पाहावयास मिळतात.

दुभत्या जनावरांच्या बाबतीत तर ही पद्धत बरीच पुढे गेली आहे. राष्ट्रीय गोपाल रत्न पुरस्कार २०२१ सालापासून देण्यात येऊ लागला. देशी जातींच्या गाई-म्हशी पाळणाऱ्या उत्तम पशुपालकांसाठी त्यात पहिले बक्षीस ५ लाख, दुसरे ३ लाख व तिसरे २ लाख रुपयांचे ठेवण्यात आले. देशी जात राखणे हे पैशाचेही काम आहे, असा विश्वास त्यामुळे पशुपालकांच्या मनात उत्पन्न झाला.

तथापि प्रदर्शनातील बक्षीस रूपाला मिळते. छाती, शेपटी, रंग, चाल ह्यांवर गुण दिले जातात. रात्री पावसात शेळ्यांजवळ तो कुत्रा थांबतो की घरात पळतो, हे प्रदर्शनात कळत नाही. म्हणून राखणदार कुत्र्यासाठी निराळी कसोटी हवी.

परदेशांतील अनुभव

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात बाला ह्या गावी १८७३ साली मेंढपाळी कुत्र्यांच्या कामाची जाहीर परीक्षा झाली. स्कॉटलंडहून वेल्समध्ये येऊन राहिलेल्या एका मेंढपाळाचा ट्वीड नावाचा कुत्रा तीत पहिला आला. पुढे १९०६ साली अशा कुत्र्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या नोंदवहीत एक सोय आपण विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आईबापांची नोंद नसली तरी कुत्र्याने काम करून दाखविल्यास केवळ गुणावर त्याची नोंद होऊ शकते. कुळापेक्षा कामास मान देण्याची ही रीत आपल्याकडील गावठी कुत्र्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

स्वित्झर्लंड व फ्रान्स ह्या देशांत लांडगे पुन्हा दिसू लागले तेव्हा मेंढपाळांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. तेथे कळपात राहून राखण करणारी मोठी कुत्री पाळण्यास सरकारने साहाय्य देऊ केले. स्वित्झर्लंडमध्ये असा कुत्रा अधिकृत ठरण्यासाठी त्याची कामाच्या तयारीची परीक्षा घेण्याची पद्धत बसविण्यात आली. तो कळपाशी इमान राखतो काय, परक्या प्राण्यास हाकलतो काय, आणि त्याच वेळी वाटेने जाणाऱ्या प्रवाशास इजा न करता मालकाच्या काबूत राहतो काय, हे पाहिले जाते. फ्रान्समध्ये कुत्र्याची खरेदी, पोषण, निर्बीजीकरण व वर्तनाची तपासणी ह्या बाबी साहाय्याच्या खर्चात धरण्यात आल्या. दोन्ही ठिकाणी पैसा मिळतो तो कुत्रा बाळगण्याबद्दल नव्हे, तर पारखून घेतलेला कुत्रा कामावर ठेवण्याबद्दल.

मुधोळचा धडा

आपल्या सीमेलगतचे मुधोळ हे पूर्वी घोरपडे घराण्याचे संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील शिकारी कुत्र्याची जात राजेसाहेब मालोजीराव घोरपडे ह्यांनी जोपासली. पुढे तिम्मापूर येथे ह्या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र निघाले. २००५ साली डाक खात्याने काढलेल्या कुत्र्यांच्या चार तिकिटांत मुधोळच्या कुत्र्यास स्थान मिळाले. २०१६ साली मुधोळची पिले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी नेण्यात आली, आणि त्यानंतर कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन केंद्राने ह्या जातीची अधिकृत नोंद केली. गावकऱ्यांच्या अंगणात वाढलेल्या जातीला कामाची संधी व नोंदीचा शिक्का मिळाला म्हणजे तिचे नाव देशभर होते, हा ह्यातील धडा होय.

कुत्रा राखणदार की भक्ष्य?

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. कुत्रा असला म्हणजे बिबट्या येणार नाही, असा समज पुष्कळांचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला. त्यात असे आढळले की, वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारात सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. म्हणजे अंगणात साखळीने बांधलेले एकटे कुत्रे हे राखणदार नसून बिबट्याचे आयते भक्ष्य ठरते. ते ओरडून जागे करील, पण पळून जीव वाचवू शकणार नाही.

ह्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, शेळ्यांचा गोठा वरून व चारी बाजूंनी बंदिस्त असणे हाच मुख्य उपाय होय. कुत्रा हा त्याचा जोड उपाय आहे. दुसरी, रात्री कुत्र्यास उघड्यावर बांधून ठेवू नये. त्यालाही गोठ्यालगत आडोशाची जागा द्यावी, आणि शक्य असल्यास दोन कुत्री एकत्र ठेवावीत. तिसरी, कुत्र्याने इशारा द्यावा व माणसांनी दिवा घेऊन, आवाज करीत, एकत्र बाहेर यावे. बिबट्याशी झुंजणे हे कुत्र्याचे काम नव्हे. हिमालयातील मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधतात. त्यामागेही मानेवरील पहिल्या पकडीपासून कुत्र्यास वाचविणे हाच हेतू असतो.

घाटमाथ्यावरून हिवाळ्यात मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या धनगर बांधवांस ह्यातील पुष्कळ गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. वाघरीत मेंढ्या घालून वाड्याभोवती कुत्री मोकळी ठेवण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी असते. परीक्षेचे नियम ठरविताना त्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

परीक्षा कशी घ्यावी?

तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाना, पंचायत समिती व ग्रामपंचायती ह्यांनी मनावर घेतल्यास अशी परीक्षा अल्प खर्चात घेता येईल. भातकापणी आटोपल्यानंतरचा काळ त्यास सोयीचा आहे. प्रत्येकी २० गुणांच्या पाच कसोट्या ठेवाव्यात, त्या येणेप्रमाणे:

१. कळपाशी इमान. कुत्र्यास मालकाच्या शेळ्यांत अर्धा तास सोडावे. त्याने करडांच्या मागे धावू नये व कळप सोडून जाऊ नये.

२. आज्ञापालन. मालकाने हाक मारताच त्याने यावे आणि सांगितलेल्या जागी बसून राहावे.

३. परक्याशी वर्तन. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसावर त्याने भुंकावे, परंतु चावू नये व मालकाने आवरताच थांबावे.

४. इशारा. तिन्हीसांजेस झाडीच्या बाजूने एक मनुष्य हळूहळू गोठ्याकडे येईल. कुत्र्याने वेळीच सावध होऊन भुंकले पाहिजे.

५. प्रकृती. लसीची नोंद, दात, पाय, कातडी व वजन पशुवैद्याने पाहावे.

परीक्षेसाठी कोणतेही वन्य जनावर किंवा जिवंत सावज वापरू नये. कुत्र्यास मारहाण करणाऱ्या मालकास तत्काळ बाद करावे. कुत्रा कोणत्या जातीचा आहे हे विचारू नये व प्रवेशशुल्क घेऊ नये. नाहीतर शहरातून गाडीत बसून आलेली महागड्या जातीची कुत्री बक्षिसे घेऊन जातील, आणि ज्या कातकरी, वारली वा धनगर कुटुंबाचे पोट शेळ्यामेंढ्यांवर अवलंबून आहे त्याचा गावठी कुत्रा बाहेरच उभा राहील. बक्षीस ज्याच्यासाठी काढले त्यालाच न मिळणे ह्यासारखा दुसरा दोष नाही.

पैसा एकदम देऊ नये

साहाय्याची रक्कम तीन हप्त्यांत द्यावी. पहिला हप्ता परीक्षेत उतरल्यावर. दुसरा एक वर्षाने, लसीकरण पूर्ण असल्याची व कुत्रा कामावर असल्याची खात्री झाल्यावर. तिसरा दोन वर्षांनी पुनः परीक्षा दिल्यावर. ह्यामुळे दाखला मिळवून कुत्रा विकून टाकण्याचा मोह राहणार नाही. एका कुत्र्याच्या दाखल्यावर दुसरा उभा केला जाऊ नये म्हणून मायक्रोचिप बसवावी, व ती होईपर्यंत निदान छायाचित्र व अंगावरील खुणा ह्यांसह ओळखपत्र ठेवावे. रकमेचा काही भाग लस, जंताचे औषध व गळ्याचा पट्टा ह्यांच्या रूपाने दिल्यास तो अन्यत्र खर्च होण्याचा प्रश्नच उरत नाही.

बक्षिसाबरोबर वाईट गोष्टीही येतात, हे विसरता कामा नये. बैलगाडा शर्यतींत बैलांचे हाल होतात म्हणून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, आणि राज्याच्या नव्या कायद्यास २०२३ साली न्यायालयाने मान्यता दिली ती नियमांच्या चौकटीतच. आरंभापासून नियम पाळले असते तर शेतकऱ्याचा एवढा काळ वाया गेला नसता. कुत्र्यांच्या बाबतीतही तेच होईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार कुत्र्यांकरवी ससा, रानडुक्कर वा अन्य वन्य प्राण्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. पिलांची विक्री करणाऱ्यांस २०१७ चे श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियम लागू आहेत. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकता येत नाही. दाखला मिळालेल्या मादीस वरचेवर विऊ घातल्यास ती झिजते व पिलेही दुबळी निपजतात.

आरोग्याची काळजी

पिलू तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी ती द्यावी. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे. जखमेत हळद, चुना वा मिरची भरू नये.

मेलेल्या शेळीमेंढीचे डोके व आतडी कुत्र्यास कच्ची खाऊ घालण्याची सवय घातक आहे. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे चराईवर पडतात व मेंढ्यांच्या पोटात जातात. मेंदूत पाण्याचा फोड होऊन गरगर फिरणारी मेंढी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या रोगाचे मूळ बहुधा आपल्याच कुत्र्यात असते. अशाच कृमींपासून माणसाच्या यकृतातही फोड होतात. म्हणून असे अवशेष खोल पुरावेत व कुत्र्यास ठरलेल्या वेळी जंताचे औषध द्यावे. नुसत्या भाकरीवर कामाचा कुत्रा टिकत नाही. तीबरोबर ताक, डाळ, उकडलेली अंडी किंवा शिजवलेले मांस ह्यांपैकी काही तरी मिळाले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी निधीची वाट पाहत बसू नये. गावात शेळ्यामेंढ्या राखणारी कुत्री किती, ती कोणाची, लस झाली आहे काय, गेल्या वर्षी बिबट्याने किती जनावरे नेली व त्या वेळी कुत्रा कोठे होता, अशी एक वही आजच घालावी. वन्य प्राण्याने जनावर मारल्यास वन खात्याकडून भरपाई मिळू शकते. त्यासाठी ताबडतोब वनरक्षकास कळवून पंचनामा करून घेण्याविषयीही लोकांस सांगावे. अशी वही एक वर्ष नीट ठेवली तर कोणत्या घरचा कुत्रा खरोखर कामाचा आहे हे गावास आपोआप कळेल. वज्रेश्वरीच्या चैत्रातील यात्रेसारख्या प्रसंगी चारचौघांसमोर अशा मालकाच्या हाती एक साधा दाखला जरी दिला, तरी पुढच्या वर्षी शेजारच्या दहा घरांतील कुत्र्यांना लस टोचलेली दिसेल.

एक शेळी गेली म्हणजे गरीब कुटुंबाची मुलाच्या शाळेची किंवा आजारपणाची शिल्लक जाते. ती शिल्लक रात्रभर राखणाऱ्या जनावराच्या पोटापाण्याची तजवीज करणे ही चैन नसून शेतीच्या हिशेबातील एक आवश्यक बाब होय.