कचऱ्याचा गॅस कसा होतो?

आमच्या घरी गोबर गॅस आहे. गोठ्यात 2 म्हशी, 1 गाय आणि 2 बैल आहेत. त्यांचे रोज अंदाजे 50 किलो शेण निघते. तेवढ्यावर आमची 2 घनमीटरची टाकी चालते आणि घरातल्या 6 माणसांचा स्वयंपाक होतो.

कुंडीत जितके शेण तितकेच पाणी घालतात आणि हाताने चांगले कालवतात. मग ते पाइपातून जमिनीखालच्या टाकीत जाते. टाकीत हवा जात नाही. तिथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. ते शेण खातात आणि गॅस तयार होतो. या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. मिथेन जळतो, म्हणून शेगडी पेटते. टाकीच्या दुसऱ्या बाजूने जे पातळ शेण बाहेर येते त्याला स्लरी म्हणतात. बाबा ती केळीला घालतात. म्हणजे शेणातले काहीच वाया जात नाही.

आता माझी चूक सांगतो. पावसाळ्यात शेण कालवायचं काम माझ्याकडे होतं. शेणात दुधाच्या पिशव्या, सुतळीचे तुकडे, पुड्यांचे कागद असायचे. आई म्हणायची, "आधी ते वेचून काढ रे." मला घाण वाटायची. शाळेला उशीर होतो म्हणून मी तसंच सगळं आत ढकलायचो. एक दिवस कुंडीतलं शेण खाली जाईचना. पाइप तुंबला. नवीन शेण जाईना म्हणून गॅस कमी कमी होत गेला आणि शेवटी शेगडी विझली.

मग आईने चूल पेटवली. लाकडं ओली होती. घरभर धूर झाला. आजीला दमा आहे. ती रात्रभर खोकत बसायची. मी गोधडीत जागा होतो, पण कोणाला काही बोललो नाही. बाबांनी लांब बांबूला आकडा बांधून पाइपातनं पिशव्या ओढून काढल्या. 7 पिशव्या निघाल्या. मी सुद्धा मदतीला आत उतरतो म्हणालो तर बाबा मोठ्याने ओरडले. गोबर गॅसच्या टाकीत कोणी कधी उतरायचं नसतं. आतल्या वायूने माणूस गुदमरून मरतो. हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडे इंदूरला गेलो होतो. आमच्या रावेरहून बऱ्हाणपूर, खंडवा करीत जावं लागतं. इंदूर मध्य प्रदेशात आहे. 2017 पासून 2023 पर्यंत सलग 7 वर्षे स्वच्छतेत त्या शहराचा देशात पहिला नंबर आला. मावशीच्या घरी ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा आणि सुक्याचा वेगळा आहे. सकाळी गाणं वाजवत गाडी येते. गाडीतही वेगवेगळे कप्पे असतात. माझा मावसभाऊ म्हणाला, "एवढे डबे कशाला ते मला ठाऊक नाही." मला मात्र लगेच कळलं. मला आमच्या 7 पिशव्या आठवल्या.

मग काकांनी मला सर्व सांगितले. इंदूरच्या देवगुराडिया भागात ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा कारखाना आहे. तो 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झाला. महानगरपालिका कचरा गोळा करून देते आणि कंपनी कारखाना चालवते. तिथे असे काम होते :

1) गाडीतला ओला कचरा तपासतात. त्यात प्लास्टिक, लोखंड असेल तर काढून टाकतात.
2) भाजीचे देठ, साली, शिळे अन्न यंत्रात बारीक करून त्याचा काला करतात.
3) तो काला मोठ्या बंद टाक्यांत बरेच दिवस ठेवतात. आमच्या टाकीतल्यासारखेच जिवाणू तिथे काम करतात.
4) तयार झालेला गॅस शुद्ध करतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वास मारणारा वायू काढून टाकला की मिथेन उरतो.
5) तो दाबून भरतात. त्याला बायो-सीएनजी म्हणतात. त्यावर शहरातल्या बसगाड्या धावतात. मी त्या बसमध्ये बसलो आहे. कचऱ्याचा वास अजिबात येत नाही.
6) उरलेल्या गाळाचे खत करतात.

सुरू झाला तेव्हा हा कारखाना रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकत होता. त्यातून रोज सुमारे 17,000 किलो गॅस आणि 100 टन खत मिळू शकते. मी भागाकार करून पाहिला. 550 टन म्हणजे 5,50,000 किलो. आमच्यासारख्या 11,000 घरांचे शेण एकत्र केले तर तेवढे वजन भरेल!

सुका कचरा दुसरीकडे जातो. तिथे माणसे आणि यंत्रे तो निवडतात. कागदाचा पुन्हा कागद होतो. लोखंड भट्टीत वितळवतात. प्लास्टिकचे बारीक दाणे करून नवीन वस्तू बनवतात. पण कागद खरकट्यात भिजला तर तो कोणाच्याच कामाचा राहत नाही.

कोळसा आणि खनिज तेल जमिनीतून काढले की संपत जातात. शेण आणि साली मात्र रोज नवीन निघतात. म्हणून अशा गॅसला अक्षय ऊर्जा म्हणतात. तोच कचरा उकिरड्यावर सडला तर मिथेन हवेत जातो आणि त्याने पृथ्वी तापते. कचरा तोच, पण नीट वेगळा ठेवला तर चूल पेटते आणि मिसळला तर पाइप तुंबतो.

आपल्या शाळेत खिचडी उरते. आपण तिच्यातच चॉकलेटचे कागद टाकतो. मी गुरुजींना सांगितले, तर त्यांनी 2 डबे ठेवले आहेत. हिरवा डबा ओल्याचा आणि निळा डबा सुक्याचा. हिरवा डबा मी रोज संध्याकाळी घरी नेतो आणि आमच्या कुंडीत ओततो. ओतायच्या आधी हाताने चाचपून बघतो. काल त्यात 3 कागद सापडले. ज्यांनी टाकले त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण आधी मीही तसंच करायचो. पण कृपा करून उद्यापासून टाकू नका. आमच्या आजीला धूर सोसत नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता 4 थी