माळ्यावरची ट्रंक

तुमच्याही माळ्यावर सासरी गेलेल्या लेकीची एखादी ट्रंक असेलच. आमचं घर दौंडला, लेक दिली शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ट्रंक काही हलली नाही. धाकट्याचं लग्न ठरलं, खोली रिकामी करायला घेतली आणि तिच्या जुन्या वह्या मी रद्दीत घातल्या.

भाऊबीजेला ती आली. ओवाळणीचं ताट राहिलं बाजूला. "आई, त्या वह्यांत आजीची पत्रं होती!"

"घर आहे, गोदाम नाही," मीही बोलून गेले.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं, की लेकीच्या स्त्रीधनावर तिने अधिकार दिल्याशिवाय बापालाही हक्क सांगता येत नाही. तो वाद दागिन्यांचा होता. वह्यांसाठी कोर्टात कोण जातं? पण वस्तू जिची, तिला विचारावं, एवढं तर आपल्यालाही कळायला हवं. आणि मुलांनीही 'न्या' म्हटल्यावर वर्षानुवर्षं 'पुढच्या खेपेला' म्हणू नये.

संक्रांतीला दोघींनी मिळून ट्रंक उपसली. आजीचं नऊवारी तिने नेलं. पत्रं गेली ती गेलीच. निघताना मी म्हटलं, "रिकामी ट्रंकही ने."

"राहू दे ना," ती म्हणाली.

मी ती पुसून पुन्हा माळ्यावर ठेवली.