हात काढून घेतल्यावर सुरू होणारा खेळ

मुलांना खेळता खेळता संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकविण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींचा हल्ली सुळसुळाट झाला आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधल्या इयत्तांत कोडिंगचा अंतर्भाव सुचविल्यापासून तर त्यांना विशेषच जोर चढला आहे. तेव्हा अशा खेळांतून ही विद्या खरोखर पदरी पडते काय, हा एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न सर्वस्वी रास्त म्हटला पाहिजे. जाहिरातींतील बहुतेक खेळांत मूल रंगीत ठोकळे एकापुढे एक मांडते, पडद्यावरचा ससा चार पावले चालतो आणि टाळ्या वाजतात. कोठे चुकलेच तर खेळ स्वतःच बोट धरून पुढे नेतो. स्वतःची चूक स्वतः शोधून काढण्याचा प्रसंगच जेथे येत नाही, तेथे या विद्येचा गाभा हाती लागेल असे मला वाटत नाही. परंतु याच जातीच्या खेळांचे एक जुने, तोलदार आणि आपल्याकडे फारसे परिचित नसलेले घराणे आहे, आणि त्याच्या मूळ पुरुषाची हकिकत सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीजमध्ये आयबीएम ७०९० हा संगणक होता. ऑगस्ट १९६१ मध्ये व्हिक्टर विसॉट्स्की, डग्लस मॅकिलरॉय आणि रॉबर्ट मॉरिस या तिघा सहकाऱ्यांनी त्याच्या ३२,७६८ शब्दांच्या स्मृतीतील एक भाग आखून घेऊन त्यास रिंगण मानले आणि त्यात जो खेळ मांडला, त्यास ‘डार्विन’ असे नाव दिले. प्रत्येक खेळाडूने यंत्रभाषेत एक आज्ञावली लिहून रिंगणात सोडावयाची, ‘पंच’ नावाची एक स्वतंत्र आज्ञावली देखरेखीस नेमावयाची, आणि त्यानंतर मनुष्याने बाजूस होऊन केवळ निकालाची वाट पाहावयाची, असा त्याचा रिवाज होता. आज्ञावलींनी पंचामार्फत आसपासच्या घरांची चाचपणी करावी, मोकळा मुलूख आढळल्यास तेथे आपली नक्कल वसवावी आणि शत्रू आढळल्यास त्याचा निकाल लावावा. ठरलेली मुदत संपेपर्यंत ज्याचा वंश शिल्लक राहील तो विजयी.

यात एक फार मार्मिक कलम होते. प्रत्येक आज्ञावलीस आपल्या हद्दीतील जास्तीत जास्त वीस घरे संरक्षित म्हणून जाहीर करता येत, आणि चाचपणी करणाऱ्या शत्रूचा हात अशा घरावर पडला, की पंच त्याच क्षणी कारभाराची सूत्रे त्या घराच्या मालकाकडे सोपवीत असे. वंशवृद्धी, शत्रुशोध आणि संहार ही तिन्ही कामे करणारी लहानात लहान आज्ञावलीदेखील सुमारे तीस आज्ञांची होत असे. मॅकिलरॉय यांनी वंशवृद्धीवर पाणी सोडून अवघ्या पंधरा आज्ञांचा एक वीर रचला. त्याचे सर्वांगच संरक्षित असल्यामुळे त्यास मारणे कोणासही शक्य होईना, आणि अखेर नियमात दुरुस्ती करून संरक्षित घरांची संख्या घटविणे भाग पडले. मग मॉरिस यांची ४४ आज्ञांची रचना रिंगणात उतरली. शत्रूचा आरंभ सापडला की ती त्याच्यापुढे ठराविक अंतरावर घाव घाली. घाव बसला तर ते अंतर ध्यानात ठेवी, संरक्षित घरावर पडला तर पुढील खेपेस अंतर बदली, आणि तिच्या प्रत्येक नव्या संततीस यशस्वी ठरलेला आकडा जन्मतःच वारशाने मिळे. परिणामी एकाच आज्ञावलीच्या अनेक उपजाती रिंगणात निपजल्या आणि प्रत्येक उपजाती एकेका विशिष्ट शत्रूच्या संहारात निष्णात झाली. तिच्यापुढे टिकेल असे काहीही कोणास रचता आले नाही, आणि काही आठवड्यांतच हा खेळ थांबला.

या खेळातील रस कशात आहे हे नीट सांगावयाचे तर मला मृत्युपत्राची आठवण होते. बुद्धिबळात प्रतिपक्षाची चाल पाहून आपली चाल ठरविता येते. मृत्युपत्र लिहिणारास मात्र जे काही सुचावयाचे ते आधीच सुचावे लागते, कारण अंमलबजावणीच्या वेळी तो हजर नसतो. ‘घर थोरल्यास द्यावे’ एवढेच लिहून ठेवले आणि घराची मध्यंतरी दोन घरे झाली, तर उद्देश काय होता हे विचारावयाचे कोणास? सेवकाला किंवा मित्राला काम सांगताना आपण निम्मे मनातच ठेवतो आणि ऐकणारा ते आपल्या समजुतीने भरून घेतो. यंत्र असे काहीही भरून घेत नाही. आपल्याच लेखी हुकमाचा शब्दशः अंमल होताना हात बांधून पाहणे, त्यात आपल्याच विचाराची फट उघडी पडलेली ओळखणे आणि ती बुजवून पुन्हा रिंगणात उतरणे, हाच या विद्येचा अभ्यासक्रम होय. आणि मला त्याहूनही हृद्य वाटते ती त्या मंडळींची रीत. नियमभंग रोखणारे कोणतेही साधन यंत्रात नव्हते, म्हणून प्रत्येक सामन्यानंतर सर्वांच्या आज्ञावली सर्वांपुढे उघड्या ठेवल्या जात. त्यामुळे लबाडीची तपासणी होई आणि प्रतिस्पर्ध्याकडून शिकताही येई.

या घराण्याचा विस्तार ज्यांच्यामुळे झाला ते गणकशास्त्रज्ञ ए. के. ड्यूडनी. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मे १९८४ च्या अंकात त्यांनी ‘कोअर वॉर’ हा खेळ जगापुढे मांडला. पण त्यात डार्विनचे जनकत्व त्यांनी एकट्या मॅकिलरॉय यांना दिले. तत्पूर्वी १९७२ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात डार्विनचा वृत्तांत आला होता, तोही ‘आलेफ-नल’ या टोपणनावाखाली. या सर्व व्यवहारात विसॉट्स्की मागे पडले याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलांच्या हाती आज ठोकळ्यांच्या आकृत्या जोडून आज्ञावली रचण्याची जी साधने दिली जातात, त्यांचे एक पूर्वरूप १९६१ मध्येच या गृहस्थांनी जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम यांच्यासह सिद्ध केले होते. ‘ब्लोडी’ हे त्याचे नाव, आणि आकृतीतील ठोकळ्यांची जोडणी नमूद करून दिली की यंत्रभाषेतील आज्ञा त्यातून आपोआप तयार होत. (याच केली आणि लॉकबॉम यांनी त्याच वर्षी संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे गीत गाऊन घेतले, आणि तेवढे मात्र सर्वांच्या स्मरणात राहिले.)

कोअर वॉरमध्ये पंचाचे अधिकार पुष्कळच घटविले आहेत : दोन आज्ञावली एकाच वर्तुळाकार स्मृतीत पाळीपाळीने एकेक आज्ञा पार पाडतात, कोणीही कोठेही लिहावे, आणि ज्याच्या वाट्यास पार पाडावयास आज्ञेऐवजी नुसता आकडा येईल तो मेला. यातील सर्वांत चिमुकला योद्धा ‘इम्प’ हा एका ओळीचा आहे : ‘मूव्ह ०, १’, म्हणजे या घरातील मजकूर पुढच्या घरात उतरवावा. उतरविलेला मजकूर ही पुन्हा तीच आज्ञा असल्याने पुढच्या पाळीस ती त्याच्याही पुढच्या घरात उतरते, आणि इम्प संपूर्ण मुलूख पादाक्रांत करीत जातो.

त्याचा प्रतिस्पर्धी ‘ड्वॉर्फ’ चार ओळींचा. खात्यातील आकड्यात चार मिळवावेत, तो आकडा दाखवील त्या घरावर बाँब टाकावा, पुन्हा आरंभी जावे, अशा तीन आज्ञा आणि चौथ्या घरात ते खाते. बहुधा स्मृती ८,००० घरांची घेतात, आणि ८,००० ला चाराने निःशेष भाग जात असल्यामुळे बाँबफेक फिरून घरी आली तरी ती खात्यावरच पडते, आज्ञांवर कधीही पडत नाही. चाराऐवजी तीन घेऊन पाहा. खात्यापासून मोजू लागल्यास पहिलीच फेरी संपता संपता २,६६६ वा बाँब ७,९९८ व्या घरावर पडतो, आणि बाँब टाकण्याची आज्ञा नेमकी त्याच घरात असते. अवघ्या एका आकड्याने वीर आत्मघातकी होतो, आणि हे कागद-पेन्सिल घेऊन कोणाही विद्यार्थ्यास पडताळून पाहता येईल. इम्प आणि ड्वॉर्फ यांची गाठ पडली तर आणखीच विलक्षण घडते : इम्प ड्वॉर्फच्या अंगावरून गेला, की त्याच्या आज्ञांच्या जागी इम्पच्या आज्ञा येतात, ड्वॉर्फ त्याच पार पाडू लागतो, आणि एका इम्पाचे दोन इम्प होऊन सामना अनिर्णित राहतो.

पुढील काळात या कुळात ‘रोबोट ओडिसी’ (१९८४) निपजला, ज्यात यंत्रमानवाच्या पोटात शिरून तर्कद्वारांच्या तारा जोडाव्या लागत. अलीकडचा झॅक बार्थ यांचा ‘टीआयएस-१००’ (२०१५) बारा कप्प्यांत प्रत्येकी पंधरा ओळींची मर्यादा घालून खेळाडूची कसोटी पाहतो. दोन्ही कठीण आहेत, दोन्हींत शाबासकी स्वस्त नाही, आणि जिद्दीच्या मुलास ते अवश्य द्यावेत असे मी म्हणेन.

डार्विन आणि कोअर वॉर यांना संगणकी विषाणूंचे पूर्वज ठरविण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. पंचाच्या परवानगीवाचून परक्या घरात अक्षर लिहिण्यास डार्विनमध्ये मनाई होती, आणि कोअर वॉरचे सारे युद्ध एका कल्पित यंत्राच्या पोटात चालते. या वंशाचा खरा वारसा मला दिसतो तो निराळ्याच ठिकाणी. कोस्टा रिकातील अरण्यांचा अभ्यास केलेले परिस्थितिशास्त्रज्ञ थॉमस रे यांनी १९९० मध्ये ‘टिएरा’ या नावाने असेच एक रिंगण रचले, परंतु खेळाडू अजिबात वगळून. त्यांनी स्वतः लिहिलेला ८० आज्ञांचा एकच पूर्वज आत सोडला, नक्कल होताना अधूनमधून चुका होतील अशी तजवीज केली, आणि यंत्र चालू ठेवले. काही काळाने ४५ आज्ञांचे जीव दिसू लागले. त्यांच्यापाशी नक्कल करण्याचा भागच नव्हता, तो ते शेजाऱ्याच्या शरीरातील वापरीत. हे परोपजीवी होते. त्यांच्यापासून बचाव साधलेले यजमान त्यामागून आले, आणि त्यानंतर परोपजीवींच्याच जिवावर जगणारे. पुढे केवळ २२ आज्ञांत स्वतःची नक्कल पुरी करणारा जीवही निर्माण झाला. यंत्रभाषा भिन्न असल्याने डार्विनमधील तीस आज्ञांशी त्याची तुलना करणे योग्य होणार नाही. परंतु ते तीस मनुष्याने लिहिले होते, आणि हे बावीस कोणीही लिहिले नव्हते.