चमक घालवायची कशी?

भाचीच्या लघुपटाचं नेपथ्य माझ्याकडे आलं. कवीला रिकामा वेळ फार, असा आमच्या घरात समज आहे! खोली हवी होती १९७२च्या दुष्काळातली. मंडळी, नव्या चुन्याची भिंत दिव्यात इतकी झळाळते, की पुढचा चेहरा काळवंडतो. म्हणून चुन्यात पिवडी मिसळली. रेशनकार्ड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं. 'प्रभात'चे फत्तेलाल 'संत तुकाराम'चे (१९३६) कलादिग्दर्शक होते आणि सहदिग्दर्शकही, ते उगाच नव्हे.

अडलं अम्मीच्या पत्र्याच्या पेटीपाशी. दिवा पडला की ती चमकायची.

"मामू, रंगवू या ना."

मी साफ नाही म्हटलं. अम्मी ज्या राखेनं भांडी लखलखीत करायची, तीच राख कोरडी चोळून पेटीची चमक घालवली. चित्रण संपलं, पेटी घरी आली. राख अजून पुसलेली नाही.