सोलकर, एकनाथ धोंडू

(१८ मार्च १९४८ – २६ जून २००५). भारतीय क्रिकेटपटू, फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहून क्षेत्ररक्षण करण्याबद्दल विशेष प्रसिद्ध. जन्म मुंबई येथे. त्यांचे वडील मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. एकनाथ यांचे बालपण तेथील एका खोलीच्या घरात गेले व खेळाचे संस्कार त्यांच्यावर त्याच मैदानात झाले.

डावखुरे फलंदाज आणि डाव्या हाताने मध्यमगती व फिरकी अशी दोन्ही प्रकारची गोलंदाजी करणारे सोलकर रणजी स्पर्धेत मुंबईकडून खेळत. १९६९ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी कसोटी-पदार्पण केले. १९७१ मध्ये किंग्स्टन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचे ५ गडी ७५ धावांत बाद झाले असता, त्यांनी ६१ धावा काढून दिलीप सरदेसाई यांच्यासह १३७ धावांची भागीदारी केली. १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीत त्यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध १०२ धावा काढल्या. त्यांचे हे एकमेव कसोटी शतक होय.

त्यांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ‘फॉरवर्ड शॉर्ट लेग’ या जागेवरील क्षेत्ररक्षण. फिरकी चेंडू बॅटला व पॅडला लागून अल्प उंचीवर उडतो व क्षणार्धात जमिनीवर पडतो. तो टिपण्यासाठी फलंदाजापासून काही फुटांवर वाकून उभे राहावे लागते. जोरदार फटका अंगावर येण्याचा धोका असूनही सोलकर तेथे शिरस्त्राणाविना उभे राहत. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन यांच्या फिरकीस त्यामुळे धार आली. केवळ बचाव करून टिकाव धरणे फलंदाजांस कठीण झाले. १९७१ च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. त्यात फ्लेचर व नॉट यांचे झेल सोलकर यांनी घेतले. पैकी नॉट यांचा झेल पुढे झेपावून घेतलेला होता. भारताचा इंग्लंडमधील हा पहिला कसोटी विजय ठरला.

१९७७ पर्यंतच्या २७ कसोटींत त्यांनी १,०६८ धावा काढल्या, १८ बळी मिळविले व ५३ झेल घेतले. सामन्यामागे जवळजवळ दोन झेल हे प्रमाण यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूच्या बाबतीत असाधारण होय. धावा व बळी यांच्या आकड्यांत त्यांचे संघातील मोल पुरते उमटत नाही. त्यांनी घेतलेल्या झेलांचे बळी गोलंदाजांच्या नावे नोंदले गेले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.