पट्टी उतरवायची, पण कशी?

गॅदरिंगला दोन दिवस उरलेले आणि आमचा गायक म्हणतो, "भाऊ, वर आवाज फाटतोय. दोन पट्ट्या खाली घे." गाणं त्याचं एकच, पण तेच त्याचं पहिलं!

आमच्या नायगावला भजनात पेटीवाला स्केलचेंजर सरकवतो आणि मोकळा होतो. पखवाजवाला मात्र हातोडी घेऊन बसतो. माझी गत पखवाजवाल्याची झाली. गिटारला फ्लॉइड रोज ब्रिज, म्हणजे तारांची ओढ आणि मागच्या स्प्रिंगांची ओढ यांच्यात तोललेला. तारेतला ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो (बारावीचं सूत्र!). जाडी ई तार ८२.४ वरून ७३.४ हर्ट्झवर आणली की ताण सुमारे २० टक्के घटतो. स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि बाकीच्या तारा चढतात. एक लावावी तर पाच बिघडतात. अख्खी संध्याकाळ त्यात गेली, वर ढिल्या तारा फ्रेटवर खडखडायला लागल्या.

शेवटी एकाकडून पिच शिफ्टर पेडल मागून आणलं. ते आवाजाचे बारीक तुकडे करून नव्या सुरात जोडतं. पण जाड्या तारेचं एक कंपनच १२ मिलिसेकंदांचं. तेवढं ऐकल्याशिवाय त्याला सूर कळणार कसा? म्हणून थोडा उशीर होतोच. जलद वाजवताना तो बोटांना जाणवतो.

रूमवर तर वेगळीच गंमत. अँप हळू ठेवला की तारेचा मूळ सूरही ऐकू येतो आणि दोन्ही भांडतात. स्टेजवर मोठ्या आवाजात तो दबतो.

सगळाच कार्यक्रम खालच्या पट्टीत असता तर जाड तारा चढवून, स्प्रिंगा ढिल्या करून गिटारच लावली असती. एका गाण्यासाठी पेडलच बरं. सराव मात्र हेडफोन लावून केला.