तंजावरचे दोन शिवाजी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात एका भिंतीवर मराठी कोरलेलं आहे. भोसले वंशाचा हा इतिहास दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतला. महाराष्ट्रातून गेलेला माणूस देवनागरी अक्षरं लावत लावत पुढे सरकतो आणि दगडात शिवाजी महाराजांचं नाव सापडलं की तिथेच थांबतो. या मुलखाशी आणखी दोन शिवाजींचं नातं आहे, आणि ते सिनेमातलं आहे.

पहिले व्ही. सी. गणेशन. तंजावरजवळच्या सुरक्कोट्टैला त्यांचं घर आणि शेती. १९४० च्या दशकात सी. एन. अण्णादुराई यांनी शिवरायांच्या राज्याभिषेकावर तमिळ नाटक लिहिलं. त्यात महाराजांची भूमिका या तरुण नटाला मिळाली. प्रयोग पाहून पेरियार रामसामींनी त्याला ‘शिवाजी’ म्हटलं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. १९५२ मध्ये ‘पराशक्ती’ आला आणि शिवाजी गणेशन तमिळनाडूच्या घराघरात पोचले.

दुसरे शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी घरातला बस कंडक्टर. त्यांना ‘अपूर्व रागंगळ’मध्ये (१९७५) पडद्यावर आणणारे के. बालचंदर जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या नन्निलमचे. तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच होते, दुसरा कसा चालेल? म्हणून बालचंदर यांनी आपल्याच ‘मेजर चंद्रकांत’मधल्या एका पात्राचं नाव या मुलाला दिलं: रजनीकांत. एकाने भूमिका करून जे नाव कमावलं, तेच दुसऱ्याला जन्माने मिळालेलं असूनही सोडावं लागलं. नावाला तेवढी किंमत होती.

हे सारं आठवायचं कारण ‘द ग्रे मॅन’. नेटफ्लिक्सवर जुलै २०२२ मध्ये आलेल्या या मारधाडपटाचा खर्च सुमारे २० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं गेलं. रायन गॉसलिंग, ख्रिस इव्हान्स आणि काही प्रसंगांपुरता आपला धनुष. शहरं भराभर बदलतात, प्रत्येक शहराचं नाव भल्यामोठ्या अक्षरांत येतं, गोळ्या सुटतात, गाड्या उलटतात. धनुष चपळाईने लढतो, बघायला छान वाटतं. पण तो कुठल्या गावचा, कोणाचा कोण, हे चित्रपटाला सांगावंसं वाटत नाही. त्याच्या जागी दुसरा चपळ नट असता तरी कथेचा टाकाही उसवला नसता. ज्या नटाच्या नावावर तमिळनाडूत पहाटेपासून थिएटरं भरायची, त्याची ही अवस्था मला खरोखर लागली.

असं का होतं, याचं उत्तर धंद्याच्या हिशेबात आहे. तमिळ चित्रपट विभागवार विकला जातो, आणि त्यातल्या एका विभागाचं नावच ‘टीटी’ आहे, म्हणजे तिरुची-तंजावर. या विभागाचा वितरक नायकाच्या नावावर आगाऊ पैसे मोजतो, थिएटरवाल्याकडून हमी घेतो, आणि पहिल्या शुक्रवारी तिकीट खिडकीवर सगळ्यांचा निकाल लागतो. नावात दम आहे की नाही, ते कुंभकोणम आणि मन्नारगुडीचा प्रेक्षक ठरवतो. २००२ मध्ये ‘बाबा’ पडला तेव्हा रजनीकांतनी वितरकांचं नुकसान भरून दिलं. माझ्या मते स्टार असणं ते हेच. आपल्या नावावर दुसऱ्याने पैसा लावला, त्याची जबाबदारी आपली.

स्ट्रीमिंग कंपनी साऱ्या जगाचे हक्क एकदाच घेते. ग्राहकाने महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे अमक्या नटासाठी म्हणून खिशातून वेगळा रुपया निघत नाही. लोकांनी किती तास पाहिलं हे कंपनी मोजते, पण कोणासाठी पाहिलं ते त्या आकड्यात उमटत नाही. चित्रपट अनेक भाषांत डब होऊन सगळीकडे चालायचा म्हणून बोलीचा, गावाचा कंगोरा घासून टाकला जातो. टीटी विभाग कंपनीच्या हिशेबवहीतून गळतो आणि त्याच्याबरोबर तिथल्या माणसाचा कौलही.

हा कौल नटाकडून काय करवून घेतो, ते कळायला ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) पाहा. सिक्कलचा नादस्वरम वादक आणि तिरुवारूरची नर्तिका, म्हणजे दोन्ही गावं जुन्या तंजावर जिल्ह्यातली. नादस्वरम प्रत्यक्षात वाजवलं ते सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंनी. पण पडद्यावर वादक झालेल्या शिवाजी गणेशन यांचे गाल फुगतात, मानेच्या शिरा ताठ होतात, बोटं छिद्रांवर उठतात-बसतात, आणि सूर त्यांच्याच छातीतून येतोय असं वाटतं. नादस्वरम रोजच्या ऐकण्यातलं असलेल्या प्रेक्षकांपुढे हे करायचं होतं. तिथे खोटं बोट लगेच पकडलं गेलं असतं. जाणकार प्रेक्षकांच्या या धाकात नट घडतो.

चाहत्यांच्या या वेडाला काळी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईत पहाटेच्या खेळाच्या जल्लोषात एक तरुण चाहता चालत्या लॉरीवरून पडून दगावला. असा जीव जाणं कुठल्याही चित्रपटापायी परवडणारं नाही. शिवाय पडद्यावरची माया सगळीकडे चालते असंही नाही. १९८९ मध्ये शिवाजी गणेशन तंजावरजवळच्या तिरुवय्यारूतून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. लोकांना नट कुठे हवा आणि कुठे नको, ते नीट कळत होतं.

चाहत्याला तमिळमध्ये ‘रसिगर’ म्हणतात, आपलाच ‘रसिक’. या रसिकाला वाट पाहणं ठाऊक होतं. २०२१ मध्ये धनुषचा ‘जगमे तंदिरम’ थिएटर सोडून थेट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा चाहते हळहळले होते. आता मागे वळून पाहा: जुन्या तंजावर जिल्ह्यातल्याच मायवरमचे त्यागराज भागवतर तमिळ सिनेमाचे पहिले सुपरस्टार. त्यांचा ‘हरिदास’ १९४४ मध्ये मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात लागला आणि तीन दिवाळ्या पाहूनच उतरला. रजनीकांतचा ‘कुली’ त्यांच्या कारकिर्दीच्या पन्नासाव्या वर्षी, १४ ऑगस्ट २०२५ रोजी, थिएटरांत लागला. ११ सप्टेंबरला, बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, तो मोबाइलवर आला.